वाडीवर येण्याआधी: पाहुणे आणि स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोराई-मनोरीच्या पट्ट्यात, खाडीपलीकडे आमची वाडी आहे. हद्द मुंबई महापालिकेचीच, तरी बोरिवलीला निघालो की आम्ही सगळे "मुंबईला जाऊन येतो" असंच म्हणतो. सहा घरं, एक विहीर, एकच मोठं स्वयंपाकघर, माड, दोन चिंचा, पावसात भात आणि थंडीत भाजी. यायचं म्हणून फोन करणारे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं फार लांबली आहेत. तिथे आमचं दुखणं आहे असं समजा.

तुम्ही नेमके कोण? आश्रम, एनजीओ, की फार्मस्टे?

तिन्ही नाही. इथे गुरू नाहीत, सकाळची प्रार्थना नाही (एकजण रेडिओ लावतो, तेवढंच), आणि स्विमिंग पूल तर नाहीच. जमतील तितक्या गरजा आसपासच्या मातीतून आणि पावसातून भागवायच्या, आणि जे वापरलं ते मातीत परत जाईल असं बघायचं, या बोलीवर एकत्र राहणारी ही माणसं आहेत. आमच्यातले चौघे रोज पहिल्या बोटीनं नोकरीला जातात, त्यामुळे शहराला नावं ठेवायचा आम्हाला फारसा अधिकार नाही.

"शाश्वत जीवनशैली" हा शब्द आम्ही अर्जात वापरतो, बोलताना नाही. पहिल्या वर्षी खताच्या खड्ड्यावर "सेंद्रिय खत प्रकल्प" अशी पाटी लावली होती. शेजारच्या गावठाणातल्या मावशी सुकट द्यायला आल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "अरे, उकिरड्याला पाटी कशाला?" त्यांच्या घरी कचऱ्याचा डबा असा कधी नव्हताच. भाताचं पाणी गुरांना, माशाची खवलं माडाच्या आळ्यात, करवंटी चुलीत. पाटी आम्ही त्याच दिवशी काढली.

म्हणजे ऑरोविलसारखं?

ऑरोविल ही पुद्दुचेरीजवळची आंतरराष्ट्रीय वसाहत. ती २८ फेब्रुवारी १९६८ ला सुरू झाली तेव्हा १२४ देशांची माती तिथे आणून कलशात ठेवली होती. आमच्याकडे बोरिवली, परळ आणि डोंबिवलीची माती आली, तीही तुळशीच्या कुंड्यांतून. आकारात, हेतूत, कशातच तुलना नाही. श्रमदानाची सवय आमच्यातल्या दोघांना बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावरच्या उन्हाळी छावणीत लागली. घरी परतल्यावर ती सुटू नये, म्हणून ही सगळी धडपड.

पाहुणा आणि स्वयंसेवक यांत फरक काय?

पाहुणा एक दिवस किंवा फार तर दोन रात्री राहतो. जेवतो, आपलं ताट आपण घासतो, हिंडतो, विचारतो. कामाला हात लावलाच पाहिजे असं नाही. स्वयंसेवक किमान पंधरा दिवस राहतो.

"पंधरा दिवस का? मी तीन दिवसांत खूप काम करीन," असं म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. ते खोटं बोलत नसतात. पण पहिले तीन-चार दिवस नवा माणूस आमचं काम वाढवतो. विळा कुठे, कुठला नळ बंदच ठेवायचा, कुठल्या वाफ्यात पाय द्यायचा नाही, हे सांगायला एक जाणता माणूस दिवसभर त्याच्यामागे फिरतो. तीन दिवसांची मंडळी शिकून तयार होतात आणि बोटीत बसतात. एकदा एका उत्साही गटानं "तण साफ केलं" म्हणून अभिमानानं ढीग दाखवला. आंबेहळदीचा अख्खा वाफा उपटून ठेवला होता. चूक त्यांची नव्हती, पानं कोवळी होती आणि दाखवायला कुणी थांबलं नव्हतं. त्या वर्षी लोणच्यासाठी हळद विकत आणली.

तेव्हापासून नियम असा: पहिल्या दिवशी उपटायचं काही नाही. फक्त बघायचं, आणि लसूण सोलायचा.

मला फक्त शनिवार-रविवार मिळतो. येऊच नको का?

या की. पाहुणे म्हणून या, आणि आवडलं तर दर महिन्याला त्याच रविवारी या. अशा नेमानं येणाऱ्यांना आम्ही वारकरी म्हणतो. वर्षभर महिन्यातून एकदा येणारा माणूस आम्हाला पंधरा दिवसवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्यानं तीच जागा मे महिन्यात करपलेली आणि जुलैत बुडालेली पाहिलेली असते. आमच्या भाताची लावणी खरं तर वारकऱ्यांच्याच जिवावर होते.

काम काय असतं?

महिन्यावर आहे. जानेवारीपासून मेपर्यंत मुख्य काम पालापाचोळा गोळा करण्याचं. वाळला पाला म्हणजे आमचं सोनं, तो वाफ्यांवर आच्छादनाला लागतो, खताला लागतो आणि संडासालाही (त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे). मे महिन्यात छपराची डागडुजी, पन्हळी साफ करणं, झावळ्यांचे झाप विणणं. झाप विणायला गावठाणातले एक काका शिकवतात. त्यांच्यासमोर "सोपं दिसतंय" असं म्हणू नका. जूनमध्ये भाताची रोपं, जुलैत लावणी, ऑक्टोबरच्या सुमारास कापणी. मग वांगी, मुळा, माठ, वाल.

जीवामृत (पिकाला घालायचं आंबवलेलं पातळ खत) ढवळण्याची पाळी सगळ्यांना हवी असते, पहिल्या दिवशी. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीनं करतो: दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एका एकराचं माप आहे. दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, सावलीत. तिसऱ्या दिवशी वास आला की पाळी कुणालाच नको असते.

सकाळी साडेसहा ते अकरा काम. दुपारी कुणी काही करत नाही, आणि "मी काहीतरी करू का?" असं विचारत झोपलेल्यांना उठवत फिरू नये. संध्याकाळी पाणी घालणं आणि स्वयंपाक.

पाण्याबद्दल तुम्ही इतके कडक का?

कारण एकदा आम्हीच माती खाल्ली आहे.

मुंबईत पाऊस उदंड. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं, म्हणजे वर्षाला दोन लाख लिटरहून जास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला, तेवढा एका दिवसाचा पाऊस अशा छपरावर चौऱ्याण्णव हजार लिटर होतो. हिशेब ऐकायला छान वाटतो. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, आणि साठवायला आमच्याकडे एक टाकी, एक विहीर आणि वसईकडे ज्याला बावखल म्हणतात तसा एक खोलगट खड्डा आहे. उरलेले आठ महिने त्यावर काढायचे.

विहीर वाळूतली आहे. समुद्राजवळच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. शास्त्रातला हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट वर यायला बघतं. हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मोठं शिबिर घेतलं, चाळीस माणसं, आणि सगळ्यांना आंघोळीला पाणी हवं म्हणून विहिरीवर मोटर बसवली. पाचव्या दिवशी चहा मचूळ लागला. दहाव्या दिवशी अळूच्या पानांच्या कडा जळाल्या. पाऊस पडून गेला तरी चव लगेच परतली नाही, पुढची दिवाळी आली तेव्हा कुठे त्या पाण्याची डाळ शिजायला लागली. गावठाणातल्या लोकांच्या विहिरी जवळच आहेत. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे जास्त लाज वाटली.

आता मोटर नाही, रहाट आहे. माणशी दिवसाला तीन बादल्या, म्हणजे साधारण साठ लिटर. शहरात पाणीपुरवठ्याचं आखणीमाप माणशी १३५ लिटर धरतात. पिण्याचं पाणी वेगळं, उकळलेलं. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीला जातं. तुमच्या आजीच्या परसातही न्हाणीमागे अळूच असणार. म्हणून शाम्पू, कंडिशनर, फेसाळ साबण आणू नका. शिकेकाई, रिठे इथे मिळतात.

(मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा, दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प महापालिकेनं आखला आहे. त्यावर आमच्यातच दोन तट आहेत. जेवताना विषय काढू नये.)

संडास कसा आहे? खरं सांगा.

स्वच्छ आहे, कोरडा आहे आणि फ्लश नाही. दोन खड्डे आहेत. एक वापरात असताना दुसरा बंद. भरलेला खड्डा निदान वर्षभर उघडत नाही, तोवर त्याची काळी, भुसभुशीत माती होते आणि ती फक्त झाडांच्या आळ्यात जाते, भाजीला नाही. प्रत्येक वापरानंतर डबाभर वाळला पाला आणि राख टाकायची. ती टाकली तर वास येत नाही. आला, तर कुणीतरी टाकली नाही, आणि कुणी टाकली नाही ते इथे लपत नाही.

ही कल्पना आमच्या डोक्यातली नाही, परदेशातूनही आलेली नाही. कोकणातले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत करणारे साधे संडास स्वतः हातांनी बांधून, साफ करून दाखवले. त्यांना खताइतकीच, किंबहुना जास्त, दुसरी गोष्ट महत्त्वाची होती: हे काम एका जातीच्या डोक्यावर टाकलेलं असू नये.

म्हणूनच संडासाची पाळी सगळ्यांना असते. नाव फळ्यावर लागतं. पैसे देऊन, अदलाबदल करून, "मी त्याऐवजी स्वयंपाक करते" म्हणून सुटता येत नाही. दोन रात्रींच्या पाहुण्यांना पाळी नाही, पण राख त्यांनीही टाकायची. गेल्या काही वर्षांत जे स्वयंसेवक अर्ध्यात निघून गेले, त्यातले बहुतेक या फळ्यामुळे गेले. उकाड्यामुळे किंवा डासांमुळे जाताना आम्ही फारसं कुणाला पाहिलं नाही.

पाळीवरून आठवलं: मासिक पाळीत काही बंधनं?

काहीही नाही. स्वयंपाकघर, विहीर, शेत, लोणच्याची बरणी, सगळं मोकळं. अंग दुखत असेल तर सुट्टी, कारण विचारत नाही. कप किंवा कापडी पॅड वापरत असाल तर उत्तम, धुवायला आडोसा आणि ऊन दोन्ही आहे. प्लास्टिकचं अस्तर असलेले पॅड वापरत असाल तर वापरा, पण कागदात गुंडाळून घरी परत न्यावे लागतील. खड्ड्यात टाकू नका.

जेवण?

भात, आमटी, एक पालेभाजी, ताक. नाचणीची भाकरी येईल त्याच्या हातची, म्हणजे कधी चंद्रासारखी, कधी महाराष्ट्राच्या नकाशासारखी. पावसाच्या सुरुवातीला टाकळा आणि कुर्डू. अळूचं फदफदं इतकं होतं की ऑगस्टनंतर त्याचं नाव काढलं तरी पोरं पळतात. कोळीवाड्यातून मासे येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील. मासे वेगळ्या चुलीवर होतात. ज्यांना नको त्यांनी खाऊ नयेत आणि ज्यांना हवेत त्यांना नाकं मुरडू नयेत. दोन्ही बाजूंना हा नियम सारखा.

कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर येण्याआधी सांगा. शेंगदाणा आमच्या जवळपास सगळ्यात असतो.

पैसे किती?

दर ठरलेला नाही. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर आठवड्याचा खर्च लिहिलेला असतो: तांदूळ, तेल, गॅस, भाजी, बोटीचं सामान. त्याला जेवणाऱ्या माणसांनी भागलं की तुमचा वाटा निघतो. तो डब्यात टाकायचा. पंधरा दिवसांहून जास्त राहून काम करणाऱ्यांकडून घेत नाही. कॉलेजच्या मुलांनी निम्मा दिला तरी चालतो. "मी काम करतो, मग मला तुम्ही पैसे द्यायला हवेत" हा प्रश्नही येतो, आणि तो चुकीचा नाही. जिथे आम्हाला खरोखर मजूर लागतात, म्हणजे विहिरीचा गाळ काढायला, माडावर चढायला, तिथे गावातली जाणती माणसं रोजानं बोलावतो. ते काम आम्ही कधीच स्वयंसेवकांवर ढकलत नाही.

एनएसएसचे तास मिळतील का? सर्टिफिकेट?

पत्र देतो. एनएसएसला (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास लागतात हे ठाऊक आहे, पण पत्रात तेवढेच लिहितो जेवढे झाले. दुपारची झोप त्यात धरत नाही.

परदेशी मैत्रीण येऊ शकते?

हो. मुक्कामी आलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद यजमानानं २४ तासांत करायची असते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आधी पाठवा. पर्यटक व्हिसावर काय चालतं आणि काय नाही, हे तिनं निघण्याआधी नीट वाचावं. आम्ही त्यात गाळलेल्या जागा भरत नाही. आणि कृपा करून तिला "अथेंटिक इंडिया" दाखवायला आणू नका. लसूण सोलायला आणा.

पावसाळ्यात यावं का?

खरी वाडी तेव्हाच दिसते. पण समुद्र खवळला की बोट बंद राहते, आणि मग भाईंदर-उत्तनच्या रस्त्यानं मोठा वळसा. सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचंच असेल तर जुलैत रविवारी मुक्काम करू नका. गमबूट आणा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, आणि तो थट्टेचा विषय नाही. इथून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "चिखलात काम केलं होतं" हे आठवणीनं सांगा.

साप आहेत का?

आहेत. बहुतेक वेळा धामण दिसते, ती बिनविषारी आणि उंदीर खाणारी, आमच्या दृष्टीनं कामाची बाई. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चार विषारी. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठी घालायची. चावलाच तर पट्टा आवळणं, चिरा देणं, मंत्र, काहीही नाही. हालचाल न करता झोपवायचं आणि १०८ ला फोन. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष (अँटिव्हेनम) चालतं, त्यामुळे सापाला पकडून दवाखान्यात नेण्याचं शौर्य नको.

काय आणू?

चादर, बॅटरी, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, टोपी, पाण्याची बाटली, रोजची औषधं. मच्छरदाणी आम्ही देतो. वेफर्सची पाकिटं आणलीत तर रिकामी पाकिटं तुमच्याच पिशवीत परत जातील, जेट्टीवर आम्ही विचारतो. निर्लज्जपणे विचारतो.

मुलं? कुत्रा?

मुलं हवीतच, पण पालकांसह, आणि विहिरीजवळ एकटं सोडायचं नाही. अठरा वर्षांखालच्यांना एकटं ठेवून घेत नाही. कुत्रा नको. इथे आधीच तीन आहेत आणि त्यांचं कुणाशी पटत नाही.

दारू, सिगरेट?

वाडीत नाही. ताडीबद्दल विचारणाऱ्यांनी गावात चौकशी करावी, आणि मग गावातच झोपावं.

फोटो, रील काढले तर चालतील?

झाडांचे, चुलीचे, तुमच्या वेड्यावाकड्या भाकरीचे खुशाल काढा. माणसांचे विचारून. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका कामावर असतात. तुमच्या ऑफिसात येऊन कुणी न विचारता तुमचा फोटो काढला तर कसं वाटेल? खाडीकाठच्या तिवरांत (खारफुटीत) शिरून फांद्या मोडायच्या नाहीत. उच्च न्यायालयानं २००५ मध्येच तिवरतोडीला मनाई केली आहे. आणि त्या चिखलात गुडघाभर रुतलेल्या माणसाला ओढून काढायला आमची निम्मी सकाळ जाते.

कायमचं राहायला यायचं असेल तर?

आधी एक मे आणि एक जुलै इथे काढा. मग बोलू.

पोहोचायचं कसं?

बोरिवली पश्चिमेकडून गोराई खाडीच्या जेट्टीवर या आणि गोराई गावाच्या बोटीत बसा. सोनेरी पगोड्याकडे जाणाऱ्या बोटीत चढू नका. आमच्याकडे निघालेले दोघेजण एकदा तिकडे उतरले, आणि एवढी शांतता आवडली म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. दुसरी वाट मालाडहून मार्वे, तिथून मनोरीची बोट. दोन्हीकडे पलीकडे टमटम मिळते. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या खलाशांनाच विचारून ठेवा, ती ऋतूप्रमाणे बदलते.

टमटमवाल्याला "रहाटवाली वाडी" सांगा. चिंचेखाली उतरा आणि हाक मारा. कुणी आलं नाही तर दुपार आहे असं समजून बाकावर बसा. आणि येताना बोरिवलीच्या बाजारातून अर्धा किलो हिरवी मिरची आणा. आमची यंदा किडीनं खाल्ली.